अकरा वेळा खोडलेला चेहरा

पत्र: मी नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत कला शिक्षिका आहे. आमच्या मंडळीच्या मंदिराची दुरुस्ती झाल्यावर व्यासपीठाच्या उजवीकडील भिंत रिकामी राहिली, तेव्हा पाळकसाहेबांनी मला तेथे लावण्यासाठी प्रभू येशू शिष्यांचे पाय धूत असल्याचे चित्र काढण्यास सांगितले. त्याला दोन वर्षे झाली. आजवर मी प्रभूचा चेहरा अकरा वेळा काढून अकरा वेळा खोडला आहे. हातून काही चुकले तर तो प्रभूचाच अवमान होईल असे वाटते. माझे वडील निवृत्त प्रचारक आहेत. खोट असलेले अर्पण देवाला चालत नाही, हे मलाखी संदेष्ट्याचे वचन ते लहानपणापासून सांगत आले, आणि ‘तुम्ही पूर्ण व्हा’ ही तर प्रभूचीच आज्ञा आहे. पूर्वी पाळकसाहेब दर पुनरुत्थानाच्या सणाला चित्राबद्दल विचारत असत. आता विचारत नाहीत, आणि तेच अधिक लागते. माझी भीती हा विश्वासाचा अभाव आहे, की देवाचे भय आहे? – एक भगिनी

प्रिय भगिनी,

ख्रिस्तामध्ये सलाम.

तुमचे पत्र वाचताना माझी नजर सर्वांत आधी त्या अकरा या आकड्यावर थांबली, कारण पेन्सिलीने काढून रबराने खोडलेला चेहरा कागदावर काय करून ठेवतो हे तुम्हाला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कागदाचा वरचा थर खरवडला जातो, त्यावर बारीक लव उठते, आणि पुढे कितीही जपून रंग लावला तरी तो तेवढ्याच जागी जास्त शोषला जाऊन डागासारखा दिसतो. म्हणजे ज्या जागेची आपण सर्वांत अधिक काळजी घेतली तीच जागा चित्रात सर्वांत मळकी होते. तुमचा कागद आता बदलावा लागेल, हे आधी सांगून टाकतो. बाकीचे सावकाश बोलू.

भीती कशाची आहे, असे तुम्ही विचारले आहे. तुमच्याच पत्रात दोन वेगळ्या भीती एकाच नावाने आल्या आहेत, असे मला वाटते. एक प्रभूचा अवमान होण्याची, आणि दुसरी, जी तुम्ही एका ओळीत सांगून घाईने पुढे गेलात ती, पाळकसाहेब आता विचारत नाहीत याची. पहिली देवाशी संबंधित आहे, दुसरी माणसांशी. माझा अनुभव असा की आपण चित्रकार मंडळी दुसऱ्या भीतीला पहिलीचे कपडे घालतो, कारण ‘लोक काय म्हणतील’ असे म्हणण्यापेक्षा ‘प्रभूच्या योग्यतेचे होत नाही’ असे म्हणणे अधिक शोभते, आणि त्यावर कोणाला उलट बोलताही येत नाही. मी हे दुरून सांगत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका मासिकाच्या नाताळ अंकासाठी मी मेंढपाळांचे चित्र करीत होतो. देवदूताच्या पंखाची ठेवण मनासारखी साधेना म्हणून मी ते पुन्हा पुन्हा काढत राहिलो, आणि संपादकांना दर आठवड्याला ‘प्रार्थनापूर्वक काम सुरू आहे’ असे कळवत राहिलो. चित्र ३० डिसेंबरला पूर्ण झाले. तोवर अंक घरोघरी पोचला होता आणि माझ्या जागी त्यांनी कपाटातला घंटांचा जुना ब्लॉक छापला होता. मेंढपाळांना निरोप त्याच रात्री मिळाला, माझ्या चित्रातल्यांना मात्र आठवडाभर उशिरा, असे संपादकांनी हसत सांगितले; मला मात्र बरेच दिवस हसू आले नाही.

आता तुमच्या वडिलांच्या मलाखीविषयी. ते वचन खरे आहे आणि ते मी सौम्य करून सांगणार नाही. परंतु पहिला अध्याय शेवटच्या ओवीपर्यंत, म्हणजे चौदाव्या वचनापर्यंत, पुन्हा एकदा वाचून पाहावा. तेथे शाप आहे तो ज्याच्या कळपात धडधाकट नर असूनही जो नवस फेडताना व्यंग असलेले जनावर आणतो त्याला, म्हणजे चांगले घरी राखून लंगडे देवाला देणाऱ्या लबाडाला. ज्याच्याकडे आहेच एक कोकरू आणि तेच तो घेऊन निघाला आहे, त्याच्याविषयी मलाखी काहीच कठोर बोलत नाही. तुम्ही देवापासून चांगले चित्र लपवून वाईट चित्र पुढे केलेले नाही. तुम्ही काहीच पुढे केलेले नाही. वेदीजवळ कोकरू आणून त्याच्या अंगावर खोट शोधत दोन वर्षे उभे राहायचे आणि शेवटी ते परत घरी न्यायचे, याला मलाखीच्या काळातही अर्पण म्हटले गेले नसते.

आणि याहून मोठी गोष्ट ही की निर्दोष अर्पणाचा हिशेब आपल्या विश्वासाप्रमाणे मिटलेला आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा दहावा अध्याय तुमच्या वडिलांनी शंभर वेळा समजावून सांगितला असेल: ते अर्पण एकदाच आणि कायमचे झाले. तुमचे चित्र म्हणजे ते कोकरू नव्हे. ते उपकारस्तुतीचे अर्पण आहे, आणि उपकारस्तुती थोडी बेसूर झाली म्हणून ती नाकारली गेल्याचे मी तरी कोठे वाचलेले नाही. रविवारी तुमच्या मंडळीत पेटीच्या पट्टीत सगळेच गातात असे नाही, तरी गीत पूर्ण होते.

‘यास्तव जसा तुमचा स्वर्गीय पिता पूर्ण आहे तसे तुम्ही पूर्ण व्हा’ हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील शेवटचे वचन आपल्यासारख्या लोकांना फार टोचते. पण ‘यास्तव’ या पहिल्या शब्दाकडे आपले दुर्लक्ष होते. त्या शब्दाच्या आधी वैऱ्यांवर प्रीती करण्याविषयी शिकवण आहे. पिता आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो, पाऊस नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाडतो, असे सांगून झाल्यावर हे वचन येते. लूकाने हीच शिकवण सहाव्या अध्यायात नोंदवताना ‘पूर्ण’ऐवजी ‘दयाळू’ असा शब्द ठेवला आहे. मूळ ग्रीक शब्दालाही ‘निर्दोष’ यापेक्षा ‘आपल्या हेतूला पोचलेला, परिपक्व’ ही छटा अधिक आहे. वचनाचा विषय प्रीतीची व्याप्ती हा आहे, रेषेची अचूकता हा नाही. उलट या वचनाप्रमाणे चालायचे असेल तर जिच्यावर तुम्ही दोन वर्षे मुळीच दया केलेली नाही त्या एका व्यक्तीपासूनही सुरुवात करता येईल, आणि ती व्यक्ती कोण हे मी सांगायला नको.

रुपये जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दाखला तुम्हाला कोणीतरी आधीच ऐकवला असणार, म्हणून तो मी उगाळत नाही. त्यातले एकच लक्षात घ्यावे: पैसे का पुरले याचे कारण त्या दासाने स्वतःच दिले आहे. मालक कठोर आहे असे त्याने गृहीत धरले होते, म्हणून तो भ्याला. तुम्ही दरवर्षी मुलांना शासकीय रेखाकला परीक्षेला बसवता, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटचे सराव कागद तपासता, लाल पेनाने श्रेणी देता. वर्षानुवर्षे हे केल्यावर आपल्या मनात एक परीक्षक कायमचा बसतो, आणि मग नकळत आपण त्याच्याच खुर्चीवर देवाला बसवतो. स्मरणचित्रात एखाद्या पोराने बैलाला पाच पाय काढले तर तुम्ही श्रेणी कमी द्याल, ते योग्यच आहे. पण ते पोर घरी जाऊन आईला तेच चित्र देते तेव्हा आई पाय मोजत नाही.

येथे कोणी असा अर्थ काढू नये की देवाच्या कामात कसेही चालते. ‘प्रभूसाठीच तर आहे, चालून जाईल’ हे वाक्य आपल्या मंडळ्यांत इतके बोकाळले आहे की वचनाच्या शुद्धलेखनात तीन चुका असलेले फ्लेक्स वर्षभर मंदिराच्या दारावर झुलतात आणि कोणाला काही वाटत नाही. निवासमंडपाच्या कामासाठी बसालेल नावाच्या कारागिराला देवाने आपल्या आत्म्याने भरले, असे निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात आहे, आणि लगेच पुढे कोणत्या कामासाठी ते सांगितले आहे: सोने, रुपे, पितळ यांचे काम, रत्नांना पैलू पाडणे, लाकडाचे नक्षीकाम. अभ्यास, हत्यार, साहित्याची जाण हे सगळे त्यात आले. तेव्हा चित्र नीट व्हावे ही तुमची तळमळ मुळीच टाकू नका. ही तळमळ माणसाला कामाकडे नेते, भीती कामापासून दूर नेते. दोन वर्षांत तुमचे पाऊल कोणत्या दिशेने पडले एवढे पाहिले की कोण बोलत होते ते कळते.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेतले एक उदाहरण या बाबतीत मला नेहमी आधार देते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले, येथील भाषा शिकले, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण त्यांनी मराठीत रचले. ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ ही मराठीच्या स्तुतीची ओवी आपण शाळेत पाठ केली ती त्यातलीच. पण १६१६ मध्ये रायतूर येथे हा ग्रंथ छापला गेला तो रोमन अक्षरांत, कारण मराठी अक्षरांचे खिळे तेथे उपलब्ध नव्हते. ज्या भाषेला ज्याने रत्न म्हटले त्यालाच ती परक्या लिपीच्या अंगरख्यात छापखान्याबाहेर पाठवावी लागली. तीनच वर्षांनी, १६१९ मध्ये, ते वारले. मनाजोगते खिळे मिळेपर्यंत हस्तलिखित पेटीत ठेवले असते, तर त्यांच्या हयातीत ते छापून निघालेच नसते. ज्या श्रोत्यांसाठी ते होते त्यांनी मात्र ते ऐकले, आणि पुढे त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या.

तुमच्या जिल्ह्याला तर उदाहरणासाठी गोव्यापर्यंत जाण्याचीही गरज नाही. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचे ख्रिस्तायन अर्धवट होते. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो त्यांच्या काव्याला पुढचा जोड लावायचा, ही जबाबदारी घेताना मोठमोठ्या पंडितांचा हात थरथरला असता. ती घेतली त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते आणि ज्यांचे लिहिणे-वाचणे लग्नानंतर घरातच झाले. त्यांनी ६४ अध्यायांची भर घालून ते पुरे केले. दोघांच्या ओळी शेजारी ठेवून कोण सरस हे ठरवणारे समीक्षक पुढेही भेटतील. पण ग्रंथ पुरा आहे म्हणूनच ती तुलना करता येते.

आता प्रत्यक्ष चेहऱ्याकडे वळतो, कारण तुमचे काम तेथेच अडले आहे. ‘प्रभूचा चेहरा चुकला तर’ असे तुम्ही म्हणता. पण चुकायला मुळात बरोबर काय आहे? चारही शुभवर्तमानांत प्रभूच्या चेहऱ्याचे वर्णन नाही. डोळे, नाक, केसांचा रंग, काहीही नाही. तुम्ही ज्याच्याशी ताडून पाहता तो चेहरा, माझा अंदाज चुकत नसेल तर, आपल्या बहुतेकांच्या बैठकीच्या खोलीत कॅलेंडरवर किंवा चौकटीत लटकणारा, भुऱ्या केसांचा आणि गोऱ्या गालांचा आहे. तो कोण्या परदेशी चित्रकाराने आपल्या गावच्या लोकांकडे पाहून काढला. त्यात त्याचे काही चुकले नाही, पण तुम्हीही तुमच्या गावच्या लोकांकडे पाहावे यात काही गैर नाही.

हे सोपे जाईल असे मी म्हणत नाही. गोव्यातील सांत इस्तेव येथे १९०२ मध्ये जन्मलेले आंजेलो दा फोन्सेका शांतिनिकेतनात अवनींद्रनाथांकडे शिकून परत आले, आणि पवित्र मरियेला साडी नेसवून, सावळ्या वर्णाची काढू लागले, तेव्हा त्यांना गोव्यात पुष्कळ विरोध सहन करावा लागला. ते गाव सोडून पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून १९६७ साली मरेपर्यंत तसेच काढत राहिले. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये जपलेला आहे, पण हे मी तुम्हाला ‘पुढे लोक मानतीलच’ असा दिलासा देण्यासाठी सांगत नाही. लोक मानतीलच असे नाही. मला त्यांच्या चित्रांत जे दिसते ते असे की, मरिया कोणाच्या तरी परवानगीची वाट पाहत बसलेली नाही. ती जात्यावर, विहिरीवर भेटेल अशी बाई आहे, आणि तिच्या चेहऱ्यापेक्षा तिच्या बसण्यात अधिक भक्ती आहे.

हे ‘बसणे’ तुमच्या चित्राला थेट लागू पडते. योहानाचा तेरावा अध्याय डोळ्यांपुढे आणा: प्रभू भोजनावरून उठतो, आपली वस्त्रे काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओतून एकेकाचे पाय धुऊ लागतो. जो माणूस खाली बसून दुसऱ्याचे पाय धूत आहे त्याची मान कोठे असेल? तुमच्या आवारात सणावारी पाहुणा येतो तेव्हा पायांवर तांब्याने पाणी घालणाऱ्याचे जे दिसते तेच येथे दिसणार: केसांचा मध्यभाग, कपाळाचा थोडा भाग, वाकलेली पाठ आणि ओले हात. चेहरा पाण्याकडे वळलेला आहे. दोन वर्षे तुम्ही जो चेहरा पूर्ण करू पाहत आहात तो या प्रसंगात जवळजवळ दिसतच नाही, भगिनी. तुम्ही बहुधा प्रभूला मान वर करून प्रेक्षकांकडे पाहायला लावले आहे, आणि म्हणून तो चेहरा लागत नाही. शरीर एक काम करत आहे आणि चेहरा फोटोला उभा आहे. दोष तुमच्या हातात नसून रचनेत आहे. नव्या कागदावर मान खाली घाला आणि सगळा प्रकाश गंगाळातल्या पाण्यावर येऊ द्या.

या चित्रात खऱ्या अर्थाने चेहरा आहे तो पेत्राचा. ‘तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत’ असे तो म्हणतो. वरवर पाहता केवढी नम्रता! प्रभूने त्या नम्रतेचे कौतुक केले नाही. मी तुला धुतले नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असे स्पष्ट सांगितले. आपण योग्य नाही म्हणून पाय मागे घेणारा पेत्र आणि आपण योग्य नाही म्हणून कुंचला खाली ठेवणाऱ्या तुम्ही, यांत मला फार अंतर दिसत नाही. हा प्रसंग पाळकसाहेबांनी सुचवला असला तरी दोन वर्षे तो तुमच्याकडे राहिला याला काही अर्थ असावा असे मला वाटते, पण हे माझे मत, त्याला वचनाचा आधार मागू नका.

करण्याच्या गोष्टी थोडक्यात लिहितो. मोठा कागद सध्या गुंडाळून ठेवा आणि पाव ताव, म्हणजे साधारण ११ बाय १५ इंच, एवढ्यावर चित्र करा. भिंतीचे नंतर पाहू. कच्चे काम वेगळ्या साध्या कागदावर करून ट्रेसिंगने उतरवून घ्या, म्हणजे पक्क्या कागदाला रबर लागणारच नाही. फसलेला कागद फाडू नका, मागे तारीख घालून ठेवा. रचना एकाच जाणत्या व्यक्तीला दाखवा, संपूर्ण पंच कमिटीला नव्हे. कमिटीने आजवर कोणाचे चित्र सुधारल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आणि या रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना स्वतः भेटून तारीख द्या: उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी, ज्या संध्याकाळी हा अध्याय वाचला जातो, त्या दिवशी छोटे चित्र जसे असेल तसे त्यांच्या हाती येईल. त्यांनी विचारणे थांबवले ते रागाने असे तुम्ही धरून चालला आहात. मला वाटते, तुम्हाला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून त्यांनी ते थांबवले असावे. रात्री झोप न लागणे किंवा छातीत धडधडणे असेही काही होत असेल, तर मात्र प्रार्थनेबरोबर डॉक्टरांनाही भेटा. पत्रात तसे लिहिलेले नाही, तरी विचारून ठेवतो.

पेत्राच्या पायांसाठी प्रत्यक्ष कोणाला तरी समोर बसवावे लागेल, पाय मनाने काढू नका. तुमचे वडील प्रचारक होते म्हणजे गावोगाव हिंडले असणार. त्यांनाच विचारा. चित्र कशाचे आहे ते आधी सांगा, आणि मलाखीवर वाद घालू नका. सकाळी पूर्वेच्या खिडकीजवळ खुर्ची ठेवा, गंगाळ नसेल तर पितळी परात चालेल, आणि पाणी कोमट घ्या, नाहीतर या वयात ते पाय लगेच वर उचलतील. अर्ध्या तासाहून अधिक बसवू नका. टाचांच्या भेगा जशा आहेत तशा काढा. काढून झाल्यावर त्यांचे पाय पुसायला टॉवेल जवळ ठेवलेला असू द्या.